वाढत्या मापाचे बूट

सेफ्टी पिनचं टोक काडीवर तापवलं, डोळे मिटले आणि टाचेवरच्या फोडात खुपसलं. पाणी आलं, क्षणभर बरं वाटलं, आणि मग अशी कळ गेली डोक्यापर्यंत की टॉवेल दातांत धरला नसता तर सगळी गल्ली न्हाणीच्या दारात गोळा झाली असती. गल्ली नाही, पण आत्या होतीच दारात उभी.

"गोदे, किती वेळ? झोपलीस का काय आत?"

आले आले म्हणून मी पायावर तांब्याभर पाणी ओतलं, पिन ओढणीला लावली आणि सरळ चालत बाहेर आले. ते चार पावलं सरळ चालणं मला अजून आठवतं. जिल्ह्याच्या मैदानावर पळाले त्यापेक्षा ते अवघड होतं.

वनरक्षकाची भरती निघाली होती. मुलींना तीन किलोमीटर पळायचं होतं, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. माझ्या वयाची अट त्याच वर्षी संपत होती, म्हणजे पुढची भरती निघाली तरी मी लांबून बघायची. आणि घरात आत्याशी करार झालेला. जामखेडचे पाहुणे दोनदा येऊन गेले होते, मुलगा कारखान्यात ऑफिसात होता, त्यांना घर सांभाळणारी मुलगी हवी होती. आत्या म्हणाली होती, "ही एक भरती. निघालीस तर निघालीस. नाही निघालीस तर पाहुण्यांना हो म्हणायचं, आणि मग तोंड पाडून बसायचं नाही." मी हो म्हटलं होतं. दुसरं म्हणणार काय? तिचा शब्द आणि आमच्या गिरणीचा पट्टा, एकदा फिरायला लागला की मध्ये हात घालायची सोय नव्हती.

आत्याचं नाव कौसल्या, पण सगळं पाटोदा तिला कौसाआत्याच म्हणायचं. आई-वडील एका अपघातात गेले तेव्हा मला चालताही येत नव्हतं. आत्याचा नवरा आधीच गेलेला, पदरात मूल नाही. भावाच्या पोरीला तिनं कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं पिठाची गिरणी चालवली. जो येईल त्याला सांगायची, तळहाताच्या फोडासारखी जपलीय मी हिला. दळण टाकायला आलेल्या बायांना सांगायची, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगायची. मी लहान असताना मला ते ऐकून बरं वाटायचं. मोठी झाल्यावर वाटायला लागलं, फोडाला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

जपायची म्हणजे किती? कपडे, चपला, स्वेटर, सगळं वाढत्या मापाचं. "अंगात येईल पुढच्या वर्षी" हे मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, आणि उंची वाढायची थांबून आठ वर्षं झाली तरी ऐकत होते. भरतीसाठी तिनं स्वतः बीडला जाऊन बूट आणले, पांढरे, निळ्या पट्ट्याचे. आणले तेव्हा तिचा चेहरा असा फुललेला की माप विचारायची माझी हिंमत झाली नाही. बोट घालून पाहिलं तर टाचेमागं अख्खं बोट आत गेलं. "राहू दे की," आत्या म्हणाली, "दोन मोजे घाल." घातले. दोन मोजे घालूनही टाच आत वर-खाली व्हायची, आणि आठवड्यात दोन्ही टाचांना फोड आले. डाव्या टाचेचा मी फोडला. उजव्याचा राहिला, कारण डाव्यानं मला शहाणपण शिकवलं.

आत्याला सांगायची सोय नव्हती. तिनं फोड बघितले असते तर पळणं त्या दिवशी बंद झालं असतं आणि जामखेडला फोन गेला असता. म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सकाळी मैदानावर जायचं तर आत्या बरोबर असायची. मैदानाच्या कडेला एक मोठा दगड होता, त्यावर ती शाल पांघरून बसायची आणि मी तिच्या नजरेसमोर गोल गोल पळायची. अंगात पंजाबी ड्रेस, वर ओढणी, ती दोन्ही खांद्यांना पिना लावून घट्ट. पहिली फेरी पळताना रोज डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या फेरीत टाच बधिर व्हायची. मग तिसरीत बरं पळता यायचं. थांबले की पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू, म्हणून मी थांबायचीच नाही. आत्याला वाटायचं पोरीला नाद लागलाय.

पळायला शिकवलं गर्जे सरांनी. सर आधी फौजेत होते, मग शाळेत खेळाचे शिक्षक, आणि आता निवृत्त होऊन गावातल्या पोरापोरींना फुकट पळवायचे. नाव गर्जे, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांना जड जायचं. काही विचारलं तर उत्तर चार दिवसांनी यायचं. भरतीचा विषय निघाला तेव्हा तेच आत्याला विचारायला घरी आले होते. आत्यानं चहा दिला आणि सुनावलं, "सर, तळहाताच्या फोडासारखी जपलीय मी तिला. आणि तुम्ही म्हणता रानात पाठवा. तुम्हीच सांगा, फोड असा उघड्यावर टाकतं का कुणी?" सरांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, बघतो म्हणाले आणि गेले. त्याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. आत्या चारचौघांत सांगायची, गर्जे सरांना मी गप्प केलं. जसं काही त्यांना गप्प करायला कुणाची गरज होती.

डावी टाच तिसऱ्या दिवशी चिघळली. हळद लावली, खोबरेल लावलं, चिकटपट्टी लावली, ती मोज्याबरोबर निघून यायची. तेव्हा मी गुपचूप सरांच्या घरी गेले. सर नव्हते. मुलीच्या बाळंतपणाला लातूरला गेलेले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, टाच बघितली आणि अगं बाई म्हणून खालीच बसल्या. त्यांचा रोज संध्याकाळी फोन येतो, मी विचारते, तुझ्याकडं फोन लावायला सांगते, म्हणाल्या. मी गिरणीचा नंबर दिला. घरात तेवढाच फोन होता. बाईंना बजावून सांगितलं की फोन मलाच द्या म्हणावं, आत्याशी बोलू नका म्हणावं. पण बाईंचं वय झालेलं आणि नातवाचं नाव काय ठेवायचं यातच त्यांचं अर्धं लक्ष होतं.

आता गिरणीच्या फोनची गोष्ट सांगायला हवी. गिरणी चालू असली की त्या फोनवर अर्धंच ऐकू यायचं, आणि उरलेलं अर्धं आत्या मनानं भरायची. एकदा बारशाचं बोलावणं तिनं बारावं म्हणून ऐकलं होतं. आम्ही दोघी डोळ्यांना पदर लावून त्या घरी पोचलो, तर दारात तोरण आणि पाळण्याला फुगे. फोन ठेवून गिरणी बंद करायची आणि पुन्हा विचारायचं, हे तिला कधी सुचलं नाही. दळण अर्धवट राहतं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर गिरणी बंद. भर दुपारी, डबे रांगेत लागलेले असताना. आत्या पिठानं माखलेली तशीच पोत्यावर बसलेली आणि तळहात उघडा धरून त्याच्याकडं बघत होती.

"सरांचा फोन आला होता," ती म्हणाली.

मी हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. काय म्हणाले, मी विचारलं.

"जे म्हणायचं ते म्हणाले. माझं त्यांचं बोलणं झालं." मग उठून तिनं पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. पुढं विचारायची जागाच ठेवली नाही.

मी रात्रभर वाट पाहिली की आता ओरडेल, आता पाय दाखव म्हणेल. काही नाही. सकाळी मी बूट हातात घेऊन उभी राहिले तर ती चुलीपुढून उठलीच नाही. चल ना, मी म्हटलं. तर म्हणाली, "तू जा. मी कशाला रोज दगडावर बसू? माझी कंबर धरते." मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तेवढ्यात मागून आली आणि माझ्या खांद्याच्या पिना काढायला लागली. ओढणी काढून तिनं घडी घातली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि आत गेली.

मी एकटी मैदानावर गेले. दगड रिकामा. पहिल्या फेरीत मी दोनदा त्याच्याकडं वळून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी बघत नव्हतं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. मग वाटलं, आता लंगडले तरी चालेल, आणि मी मनसोक्त लंगडले, मनसोक्त रडले आणि नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त पळाले.

घरी आले तर आत्या भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, "गोदे, एक सांग. खरं सांग. तुला घासतंय कुठं?"

मला वाटलं, आलं. सरांनी सांगितलं हिला सगळं. आता लपवून काय उपयोग?

"टाचेला," मी म्हटलं. "बूट मोठे होतात, आत्या. तू वाढत्या मापाचे आणलेस."

आत्याचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरची करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी उलथनं घेऊन भाकरी काढली. शेवटी ती म्हणाली, "चोवीस वर्षांची झालीस. आणि मी अजून वाढत्या मापाचंच आणते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बुटांसाठी एवढं रडण्यासारखं काय आहे ते मला कळेना. मी म्हटलं, असू दे, मी आणखी एक मोजा घालते.

तिनं ऐकलं नाही. त्याच दुपारी गिरणीला कुलूप लावून मला बीडला घेऊन गेली. दुकानात मी मोजे काढले नाहीत, डावा तर काढूही शकले नसते, तो चिकटलेला. एका पातळ मोज्यावर माप घेतलं. दुकानदारानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, मावशी, एक नंबर मोठा देऊ का? आत्या म्हणाली, "नको. तिच्या मापाचा द्या. बरोब्बर तिच्या मापाचा." आणि दुकानभर लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "आता ती वाढायची थांबलीय."

नवे बूट टाचेला घट्ट धरून बसले. नवीन बूटही चावतातच, पण ते चावणं वेगळं होतं. मी आतून मेणबत्ती घासली, टाचेला जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळली, दिवसा गिरणीत चप्पलही न घालता वावरले. उजव्या टाचेचा फोड मी अंड्यासारखा जपला. डावी टाच हळूहळू कोरडी पडायला लागली. रोज पळाले. पहिल्या फेरीत पाणी यायचं ते येतच राहिलं, पण मी त्याला पहिल्या फेरीपुरतीच परवानगी दिली होती. आत्या एकदाही मैदानावर आली नाही. पायाबद्दल एक शब्द विचारला नाही. मी मनात म्हणत होते, काय बाई आहे ही. हिला माहीत आहे आणि विचारत नाही. सरांनी असा काय जादूटोणा केला फोनवर?

परीक्षेच्या दिवशी आत्यानं डब्यात दशम्या दिल्या आणि एसटीत बसवून दिलं. शेजारच्या बाईला पोरीवर लक्ष ठेवा असं म्हणाली नाही. गाडी हलली तेव्हा तिनं हात हलवलाही नाही, नुसता वर धरून उभी राहिली.

मैदान मुरमाचं होतं. आमच्या गटात बऱ्याच मुली होत्या, कुणी अनवाणी, कुणी भावाचे बूट घालून. शिट्टी वाजली. पहिली फेरी माझ्या ओळखीची होती, ती रडत पार पडली. दुसरी बरी गेली. निम्म्याच्या पुढं गेल्यावर उजव्या टाचेत काहीतरी गरम पसरलं आणि मला कळलं, इतके दिवस जपलेला फोड फुटला. मोजा ओला झाला आणि प्रत्येक पावलाला टाच चरचरायला लागली. पुढं एक उंच मुलगी होती, लाल रिबिनीची. मी तिच्या रिबिनीवर नजर ठेवली. मनात म्हटलं, जामखेड. एक पाऊल, जामखेड. दुसरं पाऊल, जामखेड. देवाचं नाव घेतात तसं मी त्या गावाचं नाव घेतलं, आणि शेवटच्या वळणावर त्या रिबिनीला मागं टाकलं. वेळेत आले. नुसती वेळेत नाही, गटात दुसरी. बाकावर बसून कागदावर वेळ टिपणाऱ्या साहेबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, पायातून रक्त येतंय तुमच्या. मी म्हटलं, माहीत आहे.

दिवस कलता कलता पाटोद्याला उतरले. गिरणी चालू होती. मला दारात बघून आत्यानं पट्टा उतरवला, आणि ते यंत्र हळूहळू थांबेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या उभ्या. निघाले, मी म्हटलं. वेळ चांगली आली, यादीत नाव येईल. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, त्यामुळं मला आणखी पीठ लागलं. बस म्हणाली, आणि माझ्या पायातले बूट काढायला स्वतःच खाली बसली.

उजवा बूट निघाला. मोजा लालभडक. तिनं तो सोडवला, टाच बघितली, मग डावा पाय ओढून तीही टाच बघितली. तिथं जुनी खपली, नवी खपली, सगळी कुंडली मांडलेली.

"हे काय? हे कधीपासून?"

"असं काय करतेस? तुला माहीत होतं की. सरांनी फोनवर सांगितलं नाही का?"

"सर पायाचं कुठं काय बोलले?"

मी तिच्याकडं बघत राहिले. "मग काय बोलले सर?"

आत्यानं पाणी आणलं, परातीत माझे पाय घेतले आणि धुता धुता सांगायला लागली. गिरणी चालू होती, पहिलं काही ऐकू आलं नाही. पण नंतरचं तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं, सकाळ-संध्याकाळ म्हणत असल्यासारखं.

"म्हणाले, आत्याबाई, फोड आहे तो. फोडायचा नाही, पण सारखा झाकूनही ठेवायचा नाही, त्यानं चिघळतं. वारा लागू द्या. घासतंय कुठं ते बघा आणि ते घासणं तेवढं बंद करा. पळणं थांबवू नका." तिचा हात माझ्या घोट्यावर थांबला. "मी त्यांना विचारलं होतं ना, फोड उघड्यावर टाकतं का कुणी? मला वाटलं होतं गप्प केलं मी त्यांना. पण माणूस महिनाभर विचार करत होता गं. आणि शेवटी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, वरची कातडी ओढून काढायची नाही. आत नवी कातडी तयार झाली की वरची आपोआप सुटते. फोन ठेवला आणि मी तिथंच बसले. म्हटलं, कौसे, वरची कातडी म्हणजे तूच."

सर माझ्या टाचेबद्दल बोलत होते. आत्यानं ते माझ्याबद्दल ऐकलं. मला आधी हसू फुटणार होतं, त्याचं पुढं काय झालं कोण जाणे. मी आत्याच्या डोक्यावर हात ठेवला, केसांत पीठ होतं.

"त्याच दिवशी जामखेडला निरोप धाडला मी," ती म्हणाली. "म्हटलं, पोरगी भरतीत निघो न निघो, तुमची वाट वेगळी."

"त्याच दिवशी? आणि मला सांगितलं नाहीस? मी तिथं जामखेडच्या नावानं जीव टाकून पळाले."

"सांगितलं असतं तर अशी पळाली असतीस का?"

मी वाकून तिच्या केसांतलं पीठ झटकलं. पुढं नोकरीत किती डोंगर चढले-उतरले, नव्या पोरी रडवेल्या तोंडानं पायाचे फोड दाखवायला येतात तेव्हा त्यांना सरांचेच शब्द सांगते. पण सर फोनवर माझ्या टाचेबद्दलच बोलत होते, हे आत्याला मी कधी सांगितलं नाही.

महिन्यानं सर लातूरहून परतले. यादीत नाव आलं होतं, आम्ही दोघी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आत्या नवी साडी नेसली होती. तिला त्यांचे आभार मानायचे होते, पण सरांसमोर बसल्यावर तिलाही शब्द सुचेनात, आणि सर तर सरच. बाईंनी पाणी आणून दिलं. मग सरांना काहीतरी आठवलं.

"आत्याबाई," ते म्हणाले, "तो फोड कसा आहे?"

आत्यानं पदर सावरला आणि माझ्याकडं बोट केलं.

"हा काय, समोर उभा आहे. पुढच्या सोमवारी रुजू होतोय."

सरांनी आत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हळूच मान हलवली. त्यांनी पेढा उचलला, अर्धा तोडून आत्यापुढं धरला आणि म्हणाले, "मग तुम्ही चांगला जपलात."